मॉस्को ते पीटर्सबर्ग, व्हाया शेपू

रशियाला जायचं म्हटलं की लोक तीन दिवस मॉस्को, तीन दिवस पीटर्सबर्ग आणि मधे फास्ट ट्रेन असं उरकतात. आम्ही आठ जणांनी ते मधलं अंतर बोटीने केलं, आधी कालवा मग व्होल्गा मग धरणं मग शेक्स्ना नदी मग ओनेगा तळं मग स्विर नदी मग लडोगा तळं आणि शेवटी नेवा, आणि आता जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय की बाबा रे, रशिया बघायचा तर पाण्यावरून बघ. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची, गावं आपणहून खिडकीशी येतात. आणि बरोबर माणसं घ्यायची ती ज्यांच्यासोबत हसून हसून पोट दुखतं अशीच घ्यायची, कारण बोटीवर वेळ भरपूर असतो आणि रुसून जायला जागा नसते.

आमचा ग्रुप सांगली-मिरजेत शिकताना जमलेला. त्यात डॉक्टर आणि त्याची बायको, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. मग कॅशियर, जो बँकेत कधीच नव्हता पण होस्टेलपासून सगळ्यांचे पैसे त्याच्याकडे असतात म्हणून कॅशियर, मूळचा रेवदंड्याचा, आणि त्याची बायको. मग आमच्या बाई, इंदापूरकडच्या, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि अजून थांबलेल्या नाहीत, त्यांचे मिस्टर जे फक्त फोटो काढतात. आणि मी आणि माझा नवरा.

व्हिसाचं काही टेन्शन घेऊ नका. 2023 च्या ऑगस्टपासून आपल्याला ई-व्हिसा मिळतो, घरी बसून फॉर्म भरायचा, फोटो अपलोड करायचा, चारेक दिवसांत येतो. खरी अडचण पैशांची, कारण 2022 पासून आपली व्हिसा-मास्टरकार्डवाली कार्डं तिथे चालतच नाहीत, त्यामुळे सगळे पैसे रोख न्यायचे आणि तिथे रुबल करून घ्यायचे. आता आठ जणांचे डॉलर एकट्या कॅशियरकडे. त्याने आईच्या जुन्या सुती साडीचा कसा शिवून घेतला होता आणि तो पोटाला बांधला होता, शर्टाच्या आत. एअरपोर्टवर चेकिंगला तो कसा बाहेर काढायला लावला तर आतून डॉलर, त्याच्या आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत आणखी डॉलर, आणि सगळ्यात आत हळकुंड आणि सुपारी. ऑफिसरने सुपारी उजेडात धरून बघितली, वास घेतला, शेजारच्या ऑफिसरला दिली, त्याने पण वास घेतला. कॅशियर शांतपणे म्हणाला, "लक्ष्मी आहे साहेब, जपून." आम्ही मागे भिंतीला टेकून हसत होतो, वहिनींच्या तर डोळ्यातून पाणी.

मॉस्कोत रेड स्क्वेअर, सेंट बेसिल, मेट्रोची स्टेशनं सगळं केलं, त्याबद्दल भरपूर लिहिलेलं आहे म्हणून मी लिहीत नाही. एकच सांगते. परदेशी साहित्याची जी मोठी सरकारी लायब्ररी आहे तिथे अण्णाभाऊ साठेंचा पुतळा आहे, 2022 च्या सप्टेंबरमध्ये बसवलाय. अण्णाभाऊ 1961 मध्ये रशियाला जाऊन आले होते. आम्ही सांगलीवाले, वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे तिथे जायचंच हे आधीपासून ठरलेलं. शाळेत फारसं न गेलेला, मुंबईत गिरणीत राबलेला माणूस, आणि त्याचा पुतळा मॉस्कोत. वहिनींनी येतानाच सांगलीहून आणलेला हळदी-कुंकवाचा पुडा काढला, पण कुंकू लावायला हात पोचेना आणि तसं करणं तिथे बरंही दिसलं नसतं, मग नुसतं पायाशी फूल ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी हात जोडले. डॉक्टर एरवी सेकंदभर गप्प बसत नाही, तो पण गप्प होता.

बोट सुटते ती मॉस्कोच्या उत्तर नदी स्थानकातून, 1937 साली बांधलेली देखणी इमारत, मधोमध उंच मनोरा. आमची बोट चार डेकची, पूर्व जर्मनीत बांधलेली, जुनी पण एकदम मजबूत. हल्ली परदेशी टुरिस्ट कमी झालेत त्यामुळे बोटीवर जवळजवळ सगळे रशियनच, रिटायर झालेल्या आजी-आजोबांचा भरणा जास्त, नातवंडं पण होती. आम्हाला एक दुभाषी मुलगी दिली होती, मॉस्कोतच कॉलेजात हिंदी शिकलेली, आणि हिंदी कसली तर अगदी दूरदर्शनच्या जुन्या बातम्यांतली. "महोदय, कृपया अपने कक्ष की कुंजी ग्रहण कीजिए." डॉक्टर लगेच ताठ उभा राहून, "अवश्य, देवी." त्यानंतर संपूर्ण प्रवासभर ती देवी आणि आम्ही महोदय. इतकी गोड पोरगी, निरोप घेताना आमच्यातल्या चौघीही रडलो.

सुटताना बोटीवर जुना लष्करी मार्च वाजवतात, सगळे रेलिंगला येऊन हात हलवतात, खाली धक्क्यावर त्यांचे नातेवाईक. आमचं खाली कोणीच नव्हतं तरी कॅशियर इतक्या जोरात हात हलवत होता की खालच्या दोन-तीन कुटुंबांनी त्यालाच परत हात केला.

आता शेपू. आमच्या डॉक्टरला शेपू या भाजीचा लहानपणापासून तिटकारा, घरात जुडी आली तरी त्याला जिन्यात कळतं. वहिनींनी लग्नानंतर शेपू केलीच नाही कधी, माहेरी जाऊन खाऊन येतात. तर पहिल्या रात्री जेवायला बसलो, बीटचं लालभडक सूप आलं, बोर्श, त्यावर सायीसारखं घट्ट आंबट स्मेताना, आणि त्यावर बारीक चिरलेली हिरवीगार पानं. डॉक्टर म्हणाला, "वा, कोथिंबीर!" आणि चमचा तोंडात. त्याचा चेहरा बघून बाई म्हणाल्या, "अरे, शेपू आहे ती." मग उकडलेले बटाटे आले, वर शेपू. काकडीची कोशिंबीर, शेपू. मासा, त्यावर शेपू. दुसऱ्या दिवशी त्याने विश्वासाने वेफर्सचं पाकीट विकत घेतलं, फोडलं, त्यात शेपूचा फ्लेवर. आम्ही तिथेच डेकवर खाली बसलो. रशियात शेपू प्रत्येक गोष्टीवर घालतात, आपण जशी कोथिंबीर घालतो त्याच्या तिप्पट, आणि मला स्वतःला ती फार आवडली, ताजी, कोवळी, आपल्यासारखी शिजवून काळी केलेली नाही. देवीने किचनमध्ये जाऊन सांगितलं की एका महोदयांना ती वर्ज्य आहे. किचनवाल्यांना ते इतकं विचित्र वाटलं की शेफ स्वतः बाहेर आला हा माणूस कोण ते बघायला, आणि त्याने डॉक्टरच्या खांद्यावर हात ठेवून अगदी काळजीने काहीतरी विचारलं. देवीने भाषांतर केलं, "ये पूछ रहे हैं कि आपको क्या रोग है."

व्हेज खाणाऱ्यांनी घाबरू नये, एवढं मधेच सांगून ठेवते. बटाटे, कोबी, मशरूम, ग्रेचका म्हणजे कुट्टूचा भात, पॅनकेकसारखे ब्लिनी, ताकासारखं केफिर, आणि काळा ब्रेड असा काही सुंदर की अजून आठवण येते. आधी सांगून ठेवलं तर देतात. बाकी आमच्याकडे भडंग, मेतकूट, लोणचं होतंच, आणि कॉरिडॉरमध्ये उकळतं पाणी मिळायचं.

आता ज्यासाठी हा प्रवास करावा ती गोष्ट, लॉक. मॉस्को शहर उंचावर आणि व्होल्गा खाली, म्हणून मधला कालवा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि प्रत्येक पायरीला एक लॉक. कालवा 128 किलोमीटरचा. बोट काँक्रीटच्या एका लांबलचक हौदात शिरते, मागचं गेट बंद, मग हौदातलं पाणी हळूहळू खाली सोडतात, बोट पाण्याबरोबर उतरते, पुढचं गेट उघडतं, चला पुढे. ऐकायला एवढंच. पण डेकवर उभं राहून बघा. बोट कुठेही हिसका देत नाही, आवाज नाही, फक्त शेजारची भिंत वर जायला लागते. आधी कोरडी पांढरी भिंत, मग ओली, मग काळी बुळबुळीत, तिला चिकटलेलं शेवाळ आणि त्यातून ठिबकणारं पाणी, थंडगार वास येतो विहिरीत वाकल्यावर येतो तसा. भिंतीत खाचा असतात आणि त्यात लोखंडी तरंगते खुंटे, बोटीचा दोर त्यांना अडकवलेला असतो, पाणी उतरतं तसे ते खुंटे पण खाली सरकतात आणि सरकताना असे कण्हतात की पहिल्या रात्री कॅशियरची बायको केबिनमधून धावत आली, कोण रडतंय म्हणून.

बाईंनी तिथेच वर्ग भरवला. उतरताना लॉकला पंप लागत नाही, पाणी आपल्या वजनाने जातं. पण या कालव्यातलं मुळात सगळं पाणी व्होल्गेचंच, ते पंपांनी वर चढवून आणलेलं आहे आणि मॉस्कोला प्यायला पण हेच पाणी जातं. मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली आणि ती मला लिहायचीच आहे. हा कालवा 1932 ते 1937 या पाच वर्षांत खणला तो मुख्यतः तुरुंगातल्या कैद्यांनी, फावडं आणि ढकलगाडी घेऊन, स्टालिनच्या काळात पकडून आणलेली साधी माणसं, त्यातली हजारो इथेच मेली. याख्रोमाजवळ तीन नंबरचं लॉक आहे, त्याच्या मनोऱ्यांवर कोलंबसच्या जहाजाच्या तांब्याच्या प्रतिकृती उभ्या आहेत, फार सुंदर, सगळे फोटो काढत होते. शेजारचे एक रशियन आजोबा टोपी काढून उभे होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. पण नंतर आम्हीही त्या लॉकमध्ये बडबड बंद ठेवली.

बाकीच्या लॉकना मात्र नुसता दंगा. रात्री दोन वाजता असो की पहाटे चारला, लॉक आलं की डॉक्टर कॉरिडॉरमधून दारं ठोकत जायचा, "उठा रे, लॉक आलं!" आणि आम्ही शाली गुंडाळून वर. सुरुवातीला रशियन शेजारी वैतागतील अशी भीती वाटली. झालं उलटंच, तिसऱ्या डेकवरच्या आज्या पण गाऊन घालून यायला लागल्या, थर्मासमधून चहा आणायच्या, आणि एका रात्री डॉक्टरला झोप लागली तर त्यांनीच येऊन आमचं दार ठोकलं, "लॉक, लॉक!"

दुब्नाला कालवा संपतो आणि व्होल्गा लागते. मग काल्याझिन. तिथे पाण्याच्या मधोमध नुसता एक उंच घंटामनोरा उभा आहे, पांढरा, निमुळता, बाकी काही नाही. 1939-40 च्या सुमारास उग्लिचचं धरण भरलं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि हा मनोरा राहिला. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, अगदी तसं, फक्त हा मनोरा बाराही महिने दिसतो. बाई इंदापूरकडच्या, त्यांच्या माहेरची जमीन उजनीत गेलेली. त्या रेलिंगला धरून उभ्या होत्या आणि मिस्टरांनी पहिल्यांदाच कॅमेरा खाली ठेवून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आणि तिथेच आमच्या कॅशियरला अचानक अंगात आलं. झालं असं की पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा त्वेरचा व्यापारी याच व्होल्गेतून निघाला होता, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की तो आधी काल्याझिनच्या मठात गेला, मग उग्लिच, आणि असं करत करत, वाटेत लुटला जाऊन, इराणमार्गे, तो उतरला कुठे तर आपल्या चौलला! वास्को द गामाच्या कितीतरी आधी. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे आणि कॅशियर त्या गावचा पोरगा. निकितीनने विकायला एक घोडा आणला होता, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला, धर्म बदल तर परत देतो म्हणाला, मग एका खोरासानी माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा मिळाला. आपल्या पावसाळ्याबद्दल त्याने लिहिलंय की चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल. आणि लिहिलंय की मी कुठेही गेलो की लोक मागे मागे येतात, गोऱ्या माणसाचं नवल करतात.

कॅशियरने ही सगळी गोष्ट मराठी-हिंदी मिसळून तावातावाने सांगायला सुरुवात केली, देवी भाषांतर करत होती, बघता बघता डेकवर ही गर्दी. निकितीन सगळ्या रशियनांना शाळेत असतो, पण त्याच्या गावचा, म्हणजे तो जिथे उतरला त्या गावचा माणूस त्यांना कोणी दाखवला नव्हता. एका आजोबांनी त्याला मिठीच मारली. नंतर सगळ्यांना त्याच्याबरोबर फोटो हवा. पाच-सहाशे वर्षांपूर्वी आपण त्यांच्या माणसामागे फिरत होतो, आता ते आमच्या कॅशियरमागे फिरत होते, आणि तो पोटावरचा कसा सावरत प्रत्येकाला सांगत होता, "चौल, रेवदंडा, फाइव्ह मिनिट्स!" दुसऱ्या दिवसापासून बोटीवर त्याचं नाव निकितीन पडलं ते कायमचं.

उग्लिचला एका घंटेची गोष्ट ऐकली. 1591 मध्ये तिथे झारचा लहान मुलगा दिमित्री गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला, गावाने घंटा वाजवून दंगा केला, म्हणून घंटेलाच शिक्षा झाली. तिला खाली पाडून फटके मारले, तिची जीभ काढली, कान तोडला आणि सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केली. 1892 मध्ये ती सुटून परत आली, आता चर्चमध्ये ठेवलीय. आमच्यात यावर बसमध्ये खटला चालला, डॉक्टर सरकारी वकील आणि वहिनी घंटेच्या वकील. वहिनी जिंकल्या, त्यांचा मुद्दा बिनतोड होता, "वाजवणाऱ्याने वाजवली, ती बिचारी काय करणार?"

यारोस्लाव्ह्लमध्ये चर्चच्या भिंतींवर छतापर्यंत चित्रं आहेत, एलिया प्रेषिताच्या चर्चमध्ये मान दुखेपर्यंत वर बघितलं. रिबिन्स्कचं धरण तर साडेचार हजार चौरस किलोमीटरचं, किनारा दिसतच नाही, 1941 मध्ये ते भरायला लागलं आणि मोलोगा नावाचं अख्खं शहर त्याच्या पोटात गेलं. गोरित्सीला उतरून किरिलो-बेलोझेर्स्की मठ, 1397 चा, तटबंदी अशी की किल्लाच वाटतो.

इथून पुढे रात्र होणंच बंद झालं. जूनमध्ये तिकडे उत्तरेला दहा वाजत आले तरी लख्ख ऊन आणि नंतरही नुसता संधिप्रकाश. मोठी अडचण वहिनींची झाली. त्या रोज दिवेलागणीला दिवा लावून रामरक्षा म्हणतात, बॅटरीवरची पणती आणली होती त्यांनी, पण दिवेलागण होईना. पहिल्या दिवशी अकरापर्यंत वाट बघत बसल्या. शेवटी बाईंनी निकाल दिला, "वहिनी, तुम्ही सांगलीच्या घड्याळाने लावा. तिथे सात वाजले की इथे साडेचार." मग रोज दुपारी साडेचारला, खिडकीतून कडक ऊन आत येत असताना, पणती, आठ जण एका केबिनमध्ये मांडीला मांडी लावून, रामरक्षा, मग चहा आणि भडंग. प्रवासातली माझी सगळ्यात आवडती वेळ ही. भडंगाचा वास कॉरिडॉरमध्ये जायचा आणि समोरच्या केबिनमधला लहान मुलगा दारात येऊन उभा राहायचा, त्याला रामरक्षेची वेळ पाठ झाली होती.

त्यात वटपौर्णिमा आली. वड कुठला आणायचा? बाईंनी सांगितलं की म्युझिक सलूनमध्ये कुंडीत रबराचं झाड आहे, ते वडाच्याच कुळातलं, वड, पिंपळ, उंबर, रबर सगळी एकाच घराण्यातली भावंडं, चालेल. चौघी साड्या नेसून, दोरा घेऊन कुंडीभोवती फेऱ्या मारायला लागलो. झाड माझ्या खांद्याएवढं, कुंडी भिंतीला लागून, मग दोन वेटरनी येऊन कुंडी मधोमध आणून ठेवली आणि हात बांधून आदराने उभे राहिले. पियानोवाली बाई हळूच काहीतरी मंजुळ वाजवायला लागली. एका आजींनी देवीला विचारलं हे काय. देवी म्हणाली की सात जन्म हाच पती मिळावा म्हणून. आजी विचारात पडल्या. दुपारच्या जेवणाला त्या मुद्दाम आमच्या टेबलाशी आल्या, चारही नवऱ्यांना बघायला. माझ्या नवऱ्याकडे बघून मान डोलावली. बाईंच्या मिस्टरांना पण पास केलं. निकितीनला तर गालावर थोपटलं. आणि डॉक्टरपाशी आल्या तेव्हा तो काट्याने एकेक करून शेपूची पानं बटाट्यावरून काढत होता. आजींनी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून इतक्या कळवळून बघितलं की त्या बिचाऱ्या उपास असताना हसून हसून खुर्चीतून घसरल्या.

वितेग्राच्या बाजूला सहा लॉकची रांग आहे, ऐंशीएक मीटर खाली उतरून ओनेगा तळ्याच्या पातळीला येतो. ही लॉक अरुंद, अठरा मीटरच्या आसपास, आणि आपली बोट साडेसोळाच्या वर. दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मीटर. केबिनच्या खिडकीतून हात काढला की भिंत लागते, मी लावला, हाताला हिरवं शेवाळ आलं. खिडकीत अंधार होतो, दिवा लावावा लागतो, आणि मग एकदम पुढचं गेट उघडतं आणि जंगल, उजेड, बर्चची पांढरी खोडं. आम्ही सहाच्या सहा लॉक जागलो आणि प्रत्येक वेळी गेट उघडलं की अख्ख्या डेकने टाळ्या वाजवल्या.

किझी बेट. मी याबद्दल जास्त लिहिणार नाही कारण मला ते जमणारच नाही. 1714 मधलं लाकडी चर्च, बावीस घुमट, एकावर एक रचलेले, अ‍ॅस्पेनच्या लाकडाच्या छोट्या फळ्यांनी मढवलेले आणि त्या फळ्या ऊन-पावसाने चांदीसारख्या झालेल्या. सगळे सांगतात एकही खिळा नाही म्हणून. बाईंनी तिथल्या माणसाला विचारून खात्री केली, भिंतींचे ओंडके खिळ्याशिवाय एकमेकांत बसवलेत पण घुमटावरच्या फळ्यांना खिळे आहेत. आणि दुरुस्ती कशी केली, तर चर्च जॅकवर उचलून धरलं आणि खालून एकेक थर काढून, सडलेलं लाकूड बदलून परत बसवलं. आमच्यात दोघे इंजिनिअर आहेत, ते हे ऐकून गवतावर बसूनच राहिले, बोट सुटायची वेळ झाली तरी उठेनात.

मांद्रोगीला लाकडी घरांचं पर्यटनासाठी उभारलेलं गाव, व्होडकाचं म्युझियम, गरम कोबीचे पिरोझकी, तिथे पुरुषांनी रंगीत लाकडी चमचे घेतले, त्याचा उपयोग पुढे सांगते.

लडोगा हे युरोपातलं सगळ्यात मोठं तळं आणि ते त्या दिवशी खवळलेलं होतं. डॉक्टरने सगळ्यांना गोळ्या वाटल्या आणि तरी सगळे आडवे, डॉक्टर धरून. फक्त निकितीन उभा. "आमी दर्यावरची मानसं" म्हणत तो एकटा नाश्त्याला गेला, तिथे तो आणि दोन रशियन आजोबा एवढेच, आणि आमच्या टेबलावर तर आठ जणांचा नाश्ता मांडलेला. तासाभराने तो परत आला तेव्हा त्याच्या कशात डॉलरच्या जागी उकडलेली अंडी होती, प्रत्येकाच्या उशाशी एकेक ठेवून गेला. वालाम बेटावर उतरल्यावर जमीन पायाखाली आली आणि मठात साधूंचं गाणं ऐकलं, वाद्य नाही काही नाही, नुसते आवाज, तेव्हा कुठे सगळे माणसात आले.

शेवटच्या रात्री प्रवाशांचा कार्यक्रम असतो, ज्याला जे येतं ते करायचं. आम्ही चौघींनी नऊवारी नेसून फुगडी, झिम्मा आणि बसफुगडी घेतली. बसफुगडी सुरू झाल्यावर हॉलमध्ये असा काही गलका की पुढच्या रांगेतल्या आज्या उठूनच आल्या. नवरे तपासणाऱ्या त्या आजींनी वहिनींबरोबर फुगडी धरली आणि सोडेचनात, वहिनींनी हार मानली, बाईंनी मानली, मी मानली, आजी तिथेच, पुढची कोण म्हणून उभ्या. मग डॉक्टर आणि निकितीन मांद्रोगीचे लाकडी चमचे घेऊन लेझीम खेळले. रशियात हे चमचे वाद्य म्हणून वाजवतातच, त्यामुळे दोन आजोबा आपले चमचे घेऊन आत घुसले, देवी पण आली, आणि मग त्यांनी आम्हाला हात धरून त्यांचा गोल नाच शिकवला, सगळा हॉल फिरून डेकवर, डेकवरून परत हॉलमध्ये. बाहेर बाराला उजेड.

पीटर्सबर्गला उतरलो. नेवावरचे पूल रात्री एकच्या पुढे वर उचलतात ते बघितलं, हर्मिटेज बघितलं, पीटरहॉफचे कारंजे बघितले. सगळं भव्यच आहे. पण रात्री हॉटेलात कोणी दार ठोकलं नाही, आणि नाश्त्याला आमच्यातले निम्मे जण झोप झाली नाही म्हणून तक्रार करत होते.

जाणार असाल तर जूनमध्येच जा, रोख पैसे जास्तीचे ठेवा, वरच्या डेकवर थंडी वाजते म्हणून शाल आणि कानटोपी न्या, आणि लॉक कधी येणार ते रोज विचारून ठेवा. दरम्यान कॅशियरला कळलंय की निझ्नी नोव्हगोरोदहून व्होल्गा उतरत थेट आस्त्राखानपर्यंत बोटी जातात, म्हणजे निकितीनची पुढची वाट. त्याने आमच्याकडून विसार गोळा करायला सुरुवात केली आहे, माझे दिले, बाईंचे दिले, आणि डॉक्टरनेही दिले, फक्त वहिनी म्हणाल्या आहेत की या वेळी भडंग दुप्पट घ्यायचं, त्या पोराची आई पण येणारे म्हणे.